देवीची साडी, घरचा ब्लाऊज

मु. सोनटेकडी, पो. अमडापूर
१८ ऑक्टोबर २०२४

चि. अश्विनी,

आशीर्वाद. माझा राग अजून गेलेला नाही, पण तू वयाने लहान आहेस आणि नणंद आहेस, म्हणून सुरुवात आशीर्वादानेच करावी लागते.

दोन वर्षांत मी तुला फोन केला नाही, तू मला केला नाहीस. पुण्याच्या त्या सभेत तू माईकवरून सांगितलंस की माझी वहिनी मॅट्रिक झाली, घरचे-दारचे हिशेब ठेवते, पण सारा जन्म तिने पदराखाली काढला. लोक हसले, मग टाळ्या पडल्या. ते सगळं माझ्या रेणूच्या मोबाईलवर आलं आणि मी पोळ्या लाटता लाटता ऐकलं. अगं, पदर मी तुझ्या भावासाठी घेत नाही. देवासमोर घेते, मला बरं वाटतं म्हणून घेते. माझ्या डोक्यावरच्या पदराचं तू भाषण केलंस, पण मला एकदा विचारलं नाहीस. असो. ते भांडण उकरायला हे पत्र नाही.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. ‘वहिनी, तसं नसतं’ म्हणत मध्येच शिकवायला लागतेस. कागदावर मला कोणी तोडत नाही. कागदही रेणूच्या जुन्या वह्यांतले कोरे राहिलेले आहेत, नाहीतर रद्दीत गेले असते.

तर ऐक. नवमीच्या भंडाऱ्यात आपल्या रेणूच्या अंगावर वामनरावांनी हात टाकला.

लिहिलं एकदाचं. हे वाक्य लिहायला मला सकाळपासून चार कामं मध्ये काढावी लागली.

तुला आपल्या देवळातली चाल आठवत असेल. नवरात्रात देवीला साड्या येतात, त्यांतली एकेक नवमीला रांधणाऱ्या-वाढणाऱ्या बायकांना नेसायला देतात. ती अंगावर चढली की बाई त्या दिवसापुरती देवीचीच. पाटील असो की मास्तर असो, तिच्या पायाला हात लावून मगच पंगतीला बसतात. यंदा रेणू पहिल्यांदा वाढायला आली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. एरवी ही पोरगी खामगावला फार्मसीच्या कॉलेजात जीन्स घालून जाते आणि मी रोज तेच तेच बोलून थकते. त्या दिवशी तिला हिरवी साडी मिळाली, लाल काठाची. मी स्वतः नेसवली.

वामनराव तुला माहीत आहेत. भजनात पुढे असतात, गळ्यात माळ असते, देवळाच्या कोठीची किल्लीही त्यांच्याचकडे असते. सकाळी त्यांनी रेणूच्या पायावर डोकं ठेवलं. ती अवघडली, मागे सरकली. दुपारी तिला गूळ आणायला कोठीत पाठवलं. तळणीवरून उठून गेली, तर झारा तसाच हातात. मला आठवलं की गुळाला परात लागेल, म्हणून मी परात घेऊन मागोमाग गेले. दारातच मला दिसलं. कुठे हात होता ते लिहीत नाही, तू समजून घे. तिने एकदा ‘काका’ म्हटलं. मग झारा मारला.

आता खरी गंमत ऐक. कपाळाला हात लावून वामनराव बाहेर आले ते थेट पंगतीसमोर. टेंगूळ साऱ्या गावाने पाहिलं. हात पाहिला तो फक्त मी आणि रेणूने. त्या दिवसापासून गाव टेंगळाचीच चौकशी करतंय. ‘म्हाताऱ्या माणसाले मारलं वं पोरीनं!’ ‘कोणत्या कपड्यात होती?’ एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की का मारलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही ठाण्यात गेलो. रेणूचाच हट्ट होता. बाई शिपायाने नीट लिहून घेतलं, पाणी दिलं. तुझा भाऊ बाहेर लिंबाखाली उभा होता. मी साक्षीदार म्हणून सही केली.

आणि परवा देवळाबाहेर कोणीतरी पाटी लावली. ‘महिलांनी व मुलींनी मंदिरात अंगभर व शोभनीय पोशाखातच यावे.’ कोणासाठी ती आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तुझ्याकडे मागणं एवढंच की इकडची एखादी वकील सांग. ओरडणारी नको, आणि रेणूला पुण्याला घेऊन जाते म्हणणारी तर मुळीच नको. तिला इथेच राहायचं आहे. तक्रार टिकली पाहिजे. ती पडली तर ह्या गावात पोरीला मान वर करून चालता येणार नाही, आणि मलाही.

तुझी वहिनी,
मनकर्णा

२७ ऑक्टोबर

चि. अश्विनी, आशीर्वाद.

चिखलीच्या महामायाताईंचा नंबर दिलास, ते चांगलं केलंस. कमी बोलतात. रेणूशी बोलल्या आणि मला म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही पाहिलं तेवढंच सांगायचं. कोणी फिरवून विचारलं तरी तेवढंच.’ मला आवडल्या.

रेणूने तुला पाटीचा फोटो पाठवला आणि तू अक्षर ओळखलंस. हो, तुझ्या भावाचंच आहे. मी ‘कोणीतरी’ लिहिलं, कारण नवऱ्याचं नाव त्या वाक्यात घालायला हात वळेना. तुला माहीतच आहे, गावातल्या साऱ्या लग्नपत्रिकांवर नावं तेच घालतात, असं वळणदार अक्षर. मी विचारलं तर म्हणाले, “मी ट्रस्टचा सेक्रेटरी हाये. वाक्य अध्यक्ष जानरावचं हाये, माह्यं फक्त अक्षर.”

मी म्हटलं, “मंग अक्षर तरी वाईट काढायचं होतं.”

तेव्हापासून ते वरच्या खोलीत जेवतात. ताट मी पोचवते. उपाशी ठेवणार नाही, पण समोर बसून वाढणारही नाही.

गुरुवारी ट्रस्टची सभा झाली. भंडाऱ्याच्या धान्याचा आणि तेलाचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून मला आत बसू देतात. बाकी बायका दाराशी. मला वाटत होतं, माझ्याकडे हुकमाचा पत्ता आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, “पोशाख पोशाख करून राह्यले ना तुम्ही सारे? माह्या लेकीच्या अंगावर देवीची साडी होती. देवीच्या अंगावरून उतरवून तुम्हीच दिली होती. आता बोला.”

खरंच ट्रस्टी पंजाबरावांनी मान खाली घातली. मला वाटलं, झालं, संपलं.

अध्यक्ष जानरावांनी चष्मा पुसला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “साडीबद्दल कोणाचं काहीच म्हणणं नाही, वहिनी. साडी देवीची. पण ब्लाऊज? ब्लाऊज तर घरचा होता ना?”

तू हसशील. मला तेव्हा हसू आलं नाही, रडूही आलं नाही. कारण मागून दाराशी बसलेली तानाबाई बोलली, “पाठ उघडी होती बाप्पा. म्या तं तवाच म्हटलं होतं, मांगून गया लय खाली हाये.” ही तानाबाई म्हणजे देवळात भांडी घासते, माझ्यासोबत पुऱ्या लाटते ती. विधवा, म्हातारी. रेणूला हिच्या हातचं तूप-साखर लागायचं लहानपणी.

मग काय, ब्लाऊजचा गळा किती असावा यावर पुरुषमंडळींची चर्चा सुरू झाली. पंजाबराव स्वतःच्या पाठीवर हात वळवून दाखवत होते, ‘इथवर असला तं चालते.’ दुसरे म्हणाले, ‘इथवर काऊन? इथवर.’ ज्यांना स्वतःच्या बायकोच्या साडीचा रंग सांगता येणार नाही, ती माणसं गळ्याची बोटं मोजत होती. हाताचं नाव नाही. शेवटी मीच विचारलं, “ब्लाऊज घरचा होता, मान्य. हात कोणाचा होता? तोही देवीनंच दिला होता का?”

चहा आला. चहा आला की आपल्याकडे सभा संपते.

आता एक सांगते, ते तुझ्या भाषणात जाता कामा नये. तो ब्लाऊज मी शिवला होता. माझ्या एका साडीतून उरलेला तुकडा होता, बाजारातून नवं कापड कशाला आणायचं म्हणून तोच वापरला. कापड पुरेना, तेव्हा मागचा गळा खाली घेतला. पुढून नीट बसला, मागून कमी पडला. सभेतून घरी आले आणि कपाटातून तो ब्लाऊज काढून टेप लावून मोजायला बसले. खरंच सांगते. आणखी चार बोटं कापड असतं तर, असं मनात येत होतं. मीटरभर घेतलं असतं तर.

रेणू दारात उभी होती. “आई, तू काय मोजून राह्यली?”

मी म्हटलं, काही नाही.

तिने माझ्या हातातून टेप घेतला, गुंडाळला आणि शिलाईच्या डब्यात ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

जानरावांनी माझ्या डोक्यात तो टेप घातला, आणि मी तो घालू दिला, याचा मला संताप येतो आहे. हात वामनरावांचा आणि कापड मोजत बसले मी!

दिवाळीचा चिवडा पाठवत नाही. टपालात चुरा होतो.

मनकर्णा

८ नोव्हेंबर

अश्विनी,

आज आशीर्वाद नंतर.

तुझ्या संस्थेचं चित्र भाऊबीजेच्या दिवशी रेणूच्या मोबाईलवर आलं. हिरवी साडी, लाल काठ, चेहरा काढलेला नाही, आणि खाली मोठ्या अक्षरांत, ‘ती तर देवीच्या साडीत होती!’ वर तुझा निरोप, की तीच साडी पार्सलने पाठवा, पुण्याला प्रदर्शन आहे, अशा साऱ्या मुलींचे कपडे दोरीवर टांगणार आहोत. पार्सलचा खर्च संस्था देईल म्हणालीस. माझा स्वभाव तुला बरोबर ठाऊक आहे.

ती साडी नवरात्रात देवीच्या अंगावर होती. ती दोरीवर टांगू? लोकांनी चहाचे कप हातात धरून तिच्यासमोर फोटो काढायचे? तुला देव नाही, ते तुझ्यापाशी. पण माझा आहे ना?

तरी खोटं बोलत नाही, चित्र बघून पहिल्यांदा मला बरंच वाटलं. म्हटलं, बघा रे, पुण्याचे लोकही तेच म्हणतात जे मी सभेत म्हटलं. रेणूला दाखवायला गेले तर ती लाल झाली.

“आई, हे आत्यानं केलं?”

“हो. चांगलं तं केलं.”

“मी त्या दिवशी जीन्सवर असती तर आत्यानं हे छापलं असतं?”

मी म्हटलं, तू जीन्सवर नव्हतीस ना? मग जर-तर कशाला? आपल्या हाती आहे ते वापरायचं. वकिलीणबाईंनाही हेच सांगू.

ती म्हणाली, “उद्या खामगावच्या बसमध्ये जीन्स घातलेल्या पोरीच्या अंगावर कोणी हात टाकला, तर तिच्यासाठी काय छापाल? ‘ती तर जीन्समध्येच होती’? तिला कोणत्या देवीची साडी आणून द्याल?”

मी मोबाईल तिच्या हातात परत दिला. त्या मुलीला मीच पहिल्यांदा विचारलं असतं, काय घातलं होतंस म्हणून. माझ्या तोंडात तो प्रश्न तयार असतो, लिंबाच्या लोणच्यासारखा, कधीही काढा. आजही मला रेणूची जीन्स आवडत नाही. मला ती पायांना आवळलेली दिसते, देवळात बसायला गैरसोयीची वाटते, आणि धुवायला तर मेली जड. पण न आवडणं वेगळं. मला वामनरावांचा पान खाऊन पिचकारी मारायचा नादही आवडत नाही, म्हणून मी त्यांच्या अंगावर हात टाकला का?

तुम्हा दोघांनाही मी वैतागले आहे, म्हणजे तुला आणि जानरावांना. जानराव म्हणतात, सारं कपड्यामुळे होतं, आणि साडी दाखवली की ब्लाऊजवर येतात. ब्लाऊज दाखवला असता तर बांगड्यांवर आले असते. तू म्हणतेस, कपड्याचा काही संबंध नाही, आणि सगळ्यांत आधी कपडेच दोरीवर लावतेस. मधल्यामध्ये माझी पोरगी कुठे आहे? ती रोज सकाळी डबा घेऊन बसस्टँडवर उभी राहते, आणि बायका तिच्याभोवती जागा सोडून उभ्या राहतात, ओला रंग लागेल असं.

साडी पाठवणार नाही. चित्र काढून टाक. रेणूशी तूच बोल, ती तुझा फोन घेईल. माझ्याशी बोलू नकोस, मी अजून लिहितेच आहे.

आशीर्वाद.

मनकर्णा

२६ नोव्हेंबर

चि. अश्विनी, आशीर्वाद.

तू चित्र काढलंस, रेणूची माफी मागितलीस. ती तुझ्याशी पाऊण तास बोलली, मध्ये हसलीसुद्धा. घरात ती हसली त्याला बरेच दिवस झाले होते. मला लिहिलंस की त्या भाषणाबद्दल माझीही माफी मागायची आहे. माग, पण माईकवरून माग. टाळ्या तिथेच घेतल्या होत्यास.

इकडे जानराव घरी आले होते. नुसते आले नाहीत, पेढे घेऊन आले, म्हणजे काम मोठं. तुझा भाऊ वरून खाली आला. जानराव म्हणाले, “वहिनी, गोष्ट मिटवा. तक्रार मांगं घ्या. आम्ही पाटी काढतो. पोरीनं माफी मागायची गरज नाही, कोणी तिचं नाव काढणार नाही. वामनराव कोठीची किल्ली सोडतेत. अजून काय पाहिजे?”

“आणि नाही घेतली तर?”

“तर मार्गशीर्षापासून रांधाले दुसऱ्या बाया पाहा लागतील. लोक म्हणतेत, कोर्टकचेरीवाल्या घरचा प्रसाद नको.”

देवीचं रांधणं मी ह्या घरात आले तेव्हापासून करते, अश्विनी. माझ्या सासूने, तुझ्या आईने, माझ्या हातात तो झारा दिला होता. ते आता दुसरं कोणी करणार म्हणे.

जानराव गेल्यावर तुझा भाऊ माझ्याशी महिन्याने पहिल्यांदा नीट बोलला. म्हणाला, “मनू, मेहकरच्या स्थळानं नकार कळवला. पोरगी हात उचलते म्हणतेत. अजून किती दिवस? मी मास्तर माणूस, मले शाळेत पोरं विचारतेत. मी वाईट माणूस हाये का?” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते वाईट नाहीत. त्यांना सगळ्यांनी चांगलं म्हणावं एवढंच हवं असतं, आणि ते फुकट मिळत नाही हे त्यांना ह्या वयात कळतंय.

खरं लिहिते. मी हो म्हणणार होते. हरले म्हणून नाही, कंटाळले म्हणून. दूध घालणारीपासून किराणावाल्यापर्यंत प्रत्येकाला नजर देऊन देऊन मान दुखायला लागली. पाटी निघते, किल्ली जाते, पोरीला कोणी काही बोलत नाही. वाईट काय, असं वाटलं. रेणूला सांगितलं तर ती म्हणाली, “साक्षीदार तू हायेस. तू मागं सरलीस तर माह्याजवळ फक्त माझंच तोंड उरते. तू ठरव.” आणि डबा घेऊन बसला गेली. एवढीशी होती तेव्हा फ्रॉकचं बटण लावायलाही ‘आई तू ठरव’ म्हणायची. हे ‘तू ठरव’ तसं नव्हतं.

दुपारी मी तांदूळ निवडत होते. तानाबाई आली. सभेनंतर मी तिच्याशी बोलत नव्हते. ती उंबऱ्याशीच बसली.

“मनकर्णाबाई, मांगं घेऊन राह्यली म्हणतेत.”

“तुले काय करायचं? तुह्या मनासारखं तं होऊन राह्यलं.”

“नोको घेऊ.”

मी सूप खाली ठेवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, तांदळाकडे बघत होती.

“त्याच कोठीत,” ती म्हणाली. “माह्या मालकाले जाऊन सहा महिने झाले होते. ज्वारीचं पोतं उचलाले त्यानंच मले बलावलं. पोतं उचलताना पदर सरकला. मले वाटलं, पदर सरकला म्हणून झालं. कोणाले सांगतलं नाही. तवापासून म्या पदर पिनेनं टाचते. उन्हाळ्यातबी. पोरीबारी हासतेत.”

“मग रेणूच्या पाठीवर काऊन बोललीस गं? आपल्याच लेकरावर?”

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “बोलली नसती तं माह्या पदराचं काय झालं असतं वं? तिचा ब्लाऊज खाली नव्हता म्हणावं, तं माहा पदरही सरकला नव्हता म्हणा लागते. मंग इतकी वर्सं म्या काय टाचून राह्यली होती?”

मला तिचा राग यायला हवा होता. आला पण. तू तेव्हाच बोलली असतीस तर माझी पोर त्या कोठीत गेलीच नसती, हे तोंडापर्यंत आलं. पण कोणाला सांगितलं असतं तिने? मलाच ना? आणि मी काय विचारलं असतं, ते तुला मागच्या पत्रात लिहिलं आहे.

तिला चहा दिला. ती म्हणाली, “मी वकिलीणबाईकडे आली तं चालते का? मले लिहिता येत नाही.”

जानरावांचे पेढे तसेच परत पाठवले. वाया घालवले नाहीत, डबाही धुऊन दिला. सोबत निरोप दिला की तक्रार राहील आणि साक्षही राहील. तुझा भाऊ जिन्यावर उभा राहून ऐकत होता.

मनकर्णा

११ डिसेंबर, चिखली

चि. अश्विनी, आशीर्वाद.

हे पत्र महामायाताईंच्या ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहिते आहे. समोर कोर्ट आहे. कागद त्यांनीच दिला, मागून छापील आहे, पुढून चालतो.

आज आमचे जबाब झाले. सकाळी रेणू जीन्स घालून खोलीतून बाहेर आली. मी हात जोडले तिच्यापुढे. म्हटलं, बाई, वर्षाचे सगळे दिवस घाल, आज एक दिवस ड्रेस घाल, न्यायाधीशांसमोर जायचं आहे. म्हणाली, “आई, ड्रेस घालून गेले तर जबाब जास्त खरा होतो का?” मी म्हटलं, तसं नाही, पण लोक. ती म्हणाली, “लोक तर ब्लाऊजवर पण आले होते.” माझं डोकं भणभणलं. पण बस चुकली असती.

एसटीत शेजारच्या बाईने चौकशी केली, कुठे निघालात. मी कोर्टात म्हणून सांगून बसले. ती रेणूला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, “कोर्टात अन् पँट घालून?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “तुमच्या घरची घेऊन आली का ती? मंग!”

रेणू खिडकीकडे तोंड करून हसत होती. मी तिला चिमटा काढला. जीन्स मला अजूनही आवडत नाही, हे तू लिहून ठेव.

तुझा भाऊ आमच्या मागच्या सीटवर होता. मी बोलावलं नव्हतं. पाटी अजून देवळाबाहेरच आहे, सेक्रेटरीपदही त्यांनी सोडलेलं नाही, आणि मार्गशीर्षाचं रांधणं माझ्याकडून गेलं ते गेलंच. गुरुवारी मी देवीला घरूनच नैवेद्य दाखवला. पण तानाबाई धरून आमची तिघींची तिकिटं त्यांनी काढली, आणि कंडक्टरने विचारलं तेव्हा गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाले, “माह्या लेकीचा जबाब हाये.” आता ते कोर्टासमोर टपरीवर उभे आहेत. आत यायची हिंमत होत नाही, परत जायचीही नाही.

रेणू आत बराच वेळ होती. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय काय विचारलं?

“सगळं.”

“कपड्यांचं?”

“विचारलं. सांगितलं, हिरवी साडी. मग मी म्हटलं, मॅडम, हेही लिहा की जीन्स असती तरी मी हीच तक्रार केली असती. त्या म्हणाल्या, बेटा, जबाबात फक्त घडलेलं लिहायचं असतं.”

“मग?”

“मग घडलेलं सांगितलं.”

माझा जबाब थोडक्यात आटोपला. परात, दार, हात. मी पाहिलं तेवढंच सांगितलं, महामायाताईंनी शिकवलं होतं तसं. खाली सही करताना ‘शिक्षण’ म्हणून विचारलं, मी मॅट्रिक सांगितलं.

तानाबाई आमच्यासोबत आली आहे. ती ठाण्यात जायच्या आधी महामायाताई तिचं सगळं ऐकून लिहून घेणार आहेत. मघाशी ह्याच बाकावर माझ्या आणि रेणूच्या मध्ये बसली होती. रेणूला म्हणाली, “अंदर काय इचारतेत वं?”

“काय झालं ते.”

“काय नेसली होती तेबी?”

“विचारलं तर सांगा. आपणहून नका सांगू.”

तानाबाईने पदराची पिन चाचपली. मग म्हणाली, “मले तं तेवढंच पाठ हाये वं. जांभळं लुगडं, पांढरी किनार. बाकीचं म्या कधी तोंडातून काढलंच नाही. कसं सांगतेत ते मले येत नाही.”

रेणूने तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. “आजी, लुगड्याचं राहू द्या. तो कुठून आला तिथून सुरू करा. दारातून आला?”

“पाठीमांगून.”

“बस. इथूनच.”

महामायाताईंनी हाक मारली तेव्हा ती उठली, पण पाऊल उचलेना. मी म्हटलं, मी येऊ का सोबत? ती म्हणाली, “नोको. तू असली तं मी तुह्याकडेच पाहत बसीन.” आणि एकटी गेली.

दार लावून घेतलं आहे. पंखा फिरतो आहे, बाहेर रिक्षावाले ओरडताहेत, त्यामुळे शब्द कळत नाहीत. पण भांडी घासतानाही जिचा आवाज शेजारणीला ऐकू जात नाही, त्या बाईचा आवाज दाराबाहेर येतो आहे. रेणू माझ्याकडे बघते आहे. टपरीवरून तुझा भाऊही इकडेच बघतो आहे.

मोठा आहे आवाज, अश्विनी. थांबत नाही.

मनकर्णा